गाडीतली खडखड, कुरकुर, टकटक: आवाज शोधायचा कसा आणि घालवायचा कसा

पावसाळ्याचे चार महिने खड्डे, पेव्हर ब्लॉक आणि अर्धवट सिमेंटचे रस्ते यावर गाडी आपटून झाली की दसऱ्याच्या सुमारास तिला वाचा फुटते. डॅशबोर्डात कुठेतरी कुरकुर, मागे खडखड, डाव्या दारात काहीतरी टकटक. आणि गॅरेजला नेली की एकदम गप्प. मेकॅनिक एक चक्कर मारून येतो, म्हणतो साहेब काहीच नाहीये, आपण म्हणतो अरे बाबा येतो रे, थांब जरा, आणि तो नेमका येतच नाही.

म्हणून टेप, स्प्रे, फोम काहीही विकत आणायच्या आधी एक गोष्ट जमवायची: आवाज पाहिजे तेव्हा काढता आला पाहिजे आणि पाहिजे तेव्हा थांबवता आला पाहिजे. हे जमलं की पुढचं काम पाच-दहा मिनिटांचं असतं. बहुतेक लोक उलट करतात, अंदाजाने अख्ख्या डॅशबोर्डच्या फटीत काहीबाही कोंबतात आणि आवाज येतच राहतो, कारण तो निघत असतो सनग्लास ठेवायच्या कप्प्यातून.

आधी गाडी रिकामी करा, अगदी पूर्ण. दारातल्या बाटल्या, कप होल्डरमधली टोलची चिल्लर, ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल आणि पीयूसीच्या जुन्या पावत्या, डॅशवरचा गणपती (हात जोडून थोडा वेळ घरात ठेवा, तो काही रागवत नाही), परफ्यूमची बाटली, सीटखालची छत्री. सीटखाली पाण्याची बाटली घरंगळत असेल तर तो आवाजाच्या पलीकडचा विषय आहे, ती ब्रेक पेडलखाली गेली की काय होईल ते सांगायला नको. मग डिकी. जॅक, पाना, हँडल हे बहुतेक गाड्यांत आपापल्या खाचेत बसायचं सामान असतं आणि एकदा पंक्चर काढलं की ते परत खाचेत कधीच नीट जात नाही. स्टेपनीचा मधला बोल्ट हाताने फिरवून बघा, सैल निघायची शक्यता भरपूर. हॅचबॅक असेल तर मागचा पार्सल ट्रे काढून घरी ठेवा आणि एक दिवस तशीच चालवा. मागून येणारा आवाज बऱ्याचदा एवढ्यावरच बंद होतो, मग ट्रे जिथे टेकतो तिथे दोन्ही बाजूंना फेल्टची पट्टी चिकटवली की काम झालं.

रिकामी करताना दोन गोष्टी हमखास सुटतात. एक म्हणजे मागच्या सीटबेल्टचं लोखंडी टोक, मागे कोणी बसलेलं नसलं की ते बाजूच्या प्लास्टिकवर टकटक आपटत राहतं, आणि पुढे बसलेल्याला वाटतं की दरवाजाच सैल झालाय. दुसरी नंबर प्लेट. मागच्या दाराला किंवा डिकीला मुठीने हलकं ठोकून बघा, पत्र्यासारखं खुळखुळलं तर प्लेटच आहे. एचएसआरपी म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लॉकने बसवलेली असते, ती काढायच्या भानगडीत पडू नका, प्लेट आणि बॉडीच्या मधल्या फटीत कोपऱ्यांकडून फोम टेपचे तुकडे सरकवले तरी पुरतं.

आणि टायरची हवा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर असतो त्यावर आकडा लिहिलेला असतो, टायर थंड असताना त्याप्रमाणे हवा भरा. पंपावरचा पोरगा सगळ्यांना सरसकट चाळीसच्या आसपास हवा मारतो, तेवढ्या हवेवर गाडी दगडासारखी आपटते आणि जे आवाज एरवी आले नसते तेही येतात.

आता आवाज पकडायचा. एकटे जाऊ नका. चालवणाऱ्याने फक्त चालवायचं, शोधायचं काम दुसऱ्याने. स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने डॅशबोर्ड चाचपत जाणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून तसं करू नका. घराजवळचा एक खराब रस्ता ठरवून घ्या, शंभर-दोनशे मीटरचा, कमी ट्रॅफिकचा, आणि दरवेळी त्याच रस्त्यावर त्याच स्पीडने जा, नाहीतर आवाज कमी झाला की रस्ता बरा होता हे कळणारच नाही. रेडिओ बंद, एसीचा ब्लोअर बंद, काचा वर.

शोधणारा आधी मागच्या सीटवर बसेल, मग पुढे. कानावर फार विश्वास ठेवू नका कारण पुढची काच आवाज परतवते, डावीकडचा आवाज मधून आल्यासारखा वाटतो, आणि पत्र्यातून तर आवाज कुठल्या कुठे जातो. हाताने मात्र लगेच कळतं. जो भाग संशयित आहे तो तळव्याने दाबून धरा. आवाज थांबला किंवा बदलला तर तुम्ही जवळ आलात, काहीच फरक नाही तर पुढच्या भागावर जा. हे कंटाळवाणं आहे पण याच्यापेक्षा चांगली पद्धत नाही. दाबून कळत नसेल तर मास्किंग टेप घ्या, रंगारी वापरतात ती, आणि संशयित सांधे तात्पुरते चिकटवून टाका. सगळे एकदम चिकटवून आवाज गेला तर एकेक टेप काढत जा, जी काढल्यावर आवाज परत आला तोच सांधा.

काही प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहूनच घ्या म्हणजे पुढे गॅरेजमध्येही उपयोगी पडतात. सकाळी येतो की दुपारी? फक्त खड्ड्यात की गुळगुळीत रस्त्यावरही? ब्रेक मारल्यावर, की उलट ब्रेक मारल्यावर थांबतो? वळताना? मागे माणसं बसली की? गाडी उभी असताना येतो का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. गाडी न्यूट्रलला उभी करा, हँडब्रेक ओढा आणि अ‍ॅक्सिलरेटर सावकाश दाबत हजारपासून तीन हजार आरपीएमपर्यंत न्या. मधेच एका ठरावीक आरपीएमला भुणभुण सुरू होऊन पुढे गेल्यावर थांबत असेल तर इंजिनच्या कंपनामुळे काहीतरी थरथरतंय, सायलेन्सरचा पत्रा नाहीतर डॅशमधलं काहीतरी. उभ्या गाडीत काहीच येत नसेल आणि फक्त चालताना येत असेल तर सस्पेन्शन किंवा आतलं प्लास्टिक. काही जण इंजिनचा आवाज नको म्हणून उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडतात. अजिबात करू नका. ब्रेकला मदत करणारं व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतं, पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि चावी जरा जास्त फिरली तर स्टिअरिंगच लॉक होतं.

खालचा आवाज आतून नीट ऐकू येत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. एखाद्या लांबलचक कंपाऊंडच्या भिंतीला लागून, काचा खाली करून हळू गाडी न्या. खालचा आवाज भिंतीवर आपटून सरळ कानात येतो. दोन्ही बाजूंनी एकेकदा गेलं की कुठल्या बाजूचा आहे तेही कळतं. आणि दाराच्या पॅनलची भुणभुण गाडी न हलवता शोधून काढायची असेल तर मोबाईलवरनं गाडीच्या स्पीकरला ३० ते १५० हर्ट्झचा सलग चढत जाणारा सूर लावा, आवाज मध्यम ठेवून. कुठलं पॅनल कुठल्या सुराला थरथरतं ते आपोआप समजतं. शेजारी विचारतील काय चाललंय, सांगा गाडीची तपासणी चालू आहे.

डॅशबोर्डची कुरकुर

ही सगळ्यात चिवट. दोन प्लास्टिकं एकमेकांना टेकलेली असतात, गाडी वाकली की एक दुसऱ्यावर सरकायला बघतं, घर्षणामुळे अडकतं, ताण वाढला की एकदम सुटतं, परत अडकतं. सेकंदाला शेकडो वेळा असं झालं की आपल्याला कुर्रर्र ऐकू येतं. म्हणजे इलाज दोनच, एक तर मध्ये काहीतरी मऊ घालायचं म्हणजे घासणार नाही, किंवा दोघांना असं घट्ट करायचं की सरकणारच नाही.

तापमानाचा खेळ इथे फार मोठा. साधं पॉलीप्रॉपिलीन (गाडीत सर्रास वापरतात ते प्लास्टिक) घेतलं तर एक मीटरचा तुकडा ३० अंशांनी तापल्यावर साधारण ३ मिलिमीटर लांब होतो, लोखंड तेवढ्याच तापमानात अर्धा मिलिमीटरसुद्धा होत नाही. गाड्यांच्या प्लास्टिकमध्ये टाल्कसारखी खनिज भुकटी वगैरे मिसळून हे कमी करतात तरी फरक राहतोच. म्हणून नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी संध्याकाळी एक आवाज करते आणि डिसेंबरच्या पहाटे वेगळाच. सकाळी येणारा आणि गाडी तापल्यावर जाणारा आवाज असेल तर दुपारी टेप घेऊन बसण्यात अर्थ नाही, सकाळी सहालाच उठायला लागेल.

नेहमीच्या जागा सांगतो. पुढच्या काचेला डॅश जिथे भिडतो ती कड, मधल्या एसी व्हेंटच्या भोवतालची चौकट, मीटरवरचं झाकण, ग्लोव्ह बॉक्सचे रबरी गुटके (हे झिजतात किंवा पडून जातात, मग झाकण टकटकतं) आणि ग्लोव्ह बॉक्सच्या मागे एसी फिल्टरचं झाकण, जे फिल्टर बदलताना अर्धवट लावलेलं असतं. बाहेरून म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम किंवा रिव्हर्स कॅमेरा बसवलेला असेल तर माझा पहिला संशय तिथेच, कारण बसवणारे वायरचे जोड मागे मोकळे सोडून देतात आणि ते प्लास्टिकवर आपटत राहतात. सिस्टीम बाहेर ओढून प्रत्येक जोडाला फेल्ट टेप गुंडाळली आणि वायर केबल टायने बांधली की शांत.

टेप कुठली? कंपन्या वायरिंगला गुंडाळतात ती काळी लोकरीसारखी पॉलिस्टर फ्लीस टेप सगळ्यात बरी, टेसा कंपनीची ५१६०८ नंबरची ही त्यातली बरीच वापरली जाणारी. ऑनलाइन मिळते. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला स्पेअर पार्टच्या दुकानांत अशाच दुसऱ्या टेप आणि पॅनलच्या क्लिपा मिळून जातात. जुनी क्लिप खिशात घालून न्या, तोंडी वर्णन करून क्लिप मिळत नसते. पॅनल उचकटायला स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, ओरखडे जन्मभर दिसतात. प्लास्टिकच्या पट्ट्यांचा सेट मिळतो तो घ्या, आणि पॅनल थंड असताना ओढू नका, गाडी जरा उन्हात तापू दे, थंडीत क्लिपा कटाकट तुटतात.

एक जागा मात्र सोडून द्या. पुढच्या काचेच्या बाजूचे खांब, त्यावर एअरबॅग असं लिहिलेलं असेल तर त्या आच्छादनाच्या आत पडद्यासारखी एअरबॅग घडी करून ठेवलेली असते, तिथे आत फोम किंवा टेप कोंबली तर वेळेला ती नीट उघडणार नाही. डॅशवर डावीकडे जिथे एअरबॅगचं झाकण आहे तिथेही काही चिकटवायचं नाही, आणि सीटच्या कडेला एअरबॅगचा टॅग असेल तर तिथेही नाही. पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला की हात मागे घ्यायचा, ते काम सर्व्हिस सेंटरचं.

दरवाजे आणि रबर

चढावर तिरकी गाडी घातली, सोसायटीच्या गेटचा रॅम्प तिरका चढला की कुंई-कुंई येते ना, ती बहुतेक वेळा दाराच्या रबराची. बॉडी जराशी पिळली जाते आणि कोरडं रबर रंगावर घासतं. कोकणात राहणाऱ्यांना तर लाल धुळीचा लेपच बसतो त्यावर. ओल्या फडक्याने रबर आणि रबर टेकतं ती बॉडीची कड दोन्ही पुसा, वाळू द्या, मग सिलिकॉन ग्रीस बोटाने अगदी पातळ लावा. स्प्रे असेल तर फडक्यावर मारून मग पुसा, थेट मारला की सीटवर, काचेवर सगळीकडे उडतो. सिलिकॉनच घ्या. दाराचं रबर ईपीडीएम जातीचं असतं, त्याला मिनरल ऑइल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस लागलं की ते फुगतं आणि सैल पडतं. घरात डब्ल्यूडी-४० चा डबा असतोच प्रत्येकाच्या, तो मूळचा ओलावा हटवायला बनवलेला आहे, रबराला लावायचा म्हणून नाही. टाल्कम पावडरही चालते, पण पहिल्या पावसापर्यंत.

रबर करूनही दार वाजत असेल तर दाराचं लॉक ज्या लोखंडी कडीत अडकतं ती कडी बघा. तिच्यावर एकच वेढा कापडी टेप गुंडाळून फिरून या, आवाज गेला तर दार जरा सैल बसतंय, कडी किंचित आत सरकवून घ्यायची. ती सरकवायच्या आधी तिच्या भोवती पेन्सिलने खूण करा नाहीतर दार लागेनासं होतं. दार किती घट्ट बसतं ते बघायला कागद रबरात धरून दार लावा आणि कागद ओढा, अलगद सुटला तर तिथे रबर टेकतच नाहीये.

काच अर्धी खाली असताना खडखडते आणि पूर्ण वर केली की थांबते? मग काच सरकायच्या खाचेतलं रबर झिजलंय किंवा काच उचलणारी यंत्रणा सैल आहे. खाच साफ करून सिलिकॉन स्प्रेने थोडे दिवस निघतात, झिजलेलं असेल तर बदलायलाच लागतं. दार आपटल्यावर आत काहीतरी पडल्यासारखं वाजलं तर पॅनल उघडावं लागेल. मागच्या मालकाने क्लिप तोडून तशीच आत टाकलेली असते, कधी स्क्रू, कधी नाणं. निघतं ते.

सीटचं पटकन. रिकामी असताना वाजते आणि बसल्यावर थांबते तर हेडरेस्टच्या दांड्या किंवा मागच्या सीटचं लॉक, कडीवर कापडी टेपचा एक वेढा मारा. बसल्यावरच वाजते तर रुळांत कचरा आहे, व्हॅक्यूम करून थोडं पांढरं ग्रीस. सीटखालच्या वायरी ओढू नका.

गाडीच्या खालचे आवाज

इथे आवाज फक्त त्रासाचा नसतो, कधीकधी तो इशारा असतो. त्यामुळे निदान तुम्ही करा, काम मेकॅनिककडून करून घ्या. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

कमी स्पीडला बारीक खड्ड्यांवर पुढून टकटक येत असेल तर स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडपासून सुरुवात करा. स्टॅबिलायझर म्हणजे डावं-उजवं चाक जोडणारा, वळताना गाडी कलू न देणारा लोखंडी बार, आणि लिंक रॉड म्हणजे त्याच्या टोकाची जोडदांडी. त्याची परीक्षा सोपी आहे. स्पीड ब्रेकर सरळ घ्या, दोन्ही चाकं एकदम. मग तोच तिरका घ्या, एक चाक आधी. तिरका घेताना टकटक आणि सरळ घेताना जवळपास शांत असेल तर लिंक रॉड किंवा त्या बारचे बुश (रबरी गुटके), कारण दोन्ही चाकं एकत्र उचलली की तो बार पिळलाच जात नाही. दोन्ही वेळा धपधप येत असेल तर शॉकर, त्याचं वरचं माउंटिंग किंवा लोअर आर्म बघायला सांगा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना टण्ण असा स्प्रिंगसारखा आवाज येत असेल तर त्याच वरच्या माउंटिंगचं बेअरिंग. पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना कटकटकट येत असेल तर अ‍ॅक्सलचा जॉइंट, बहुधा त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस गेलेलं असतं.

खडखडणाऱ्या रस्त्यावर ब्रेकवर नुसता पाय टेकवला, गाडी थांबवायची नाही, अगदी हलका, आणि आवाज बंद झाला तर ब्रेक पॅड आपल्या जागेत हलतायत. पॅड बदलताना छोट्या स्टीलच्या क्लिपा परत लावायचा कंटाळा केलेला असतो. ब्रेकच्या आसपास स्वतः काहीही फवारू नका. सिलिकॉन डिस्कवर गेला तर आवाज राहील बाजूला आणि गाडी थांबणार नाही.

सायलेन्सरवर उष्णता अडवायला पातळ पत्रा असतो, त्याचे बोल्ट गंजून पत्रा सुटतो आणि आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, झिर्रर्र करतो. गाडी पूर्ण थंड झाल्यावर सायलेन्सर हाताने हलवला तर लगेच कळतं. काही मेकॅनिक म्हणतात काढूनच टाकू, त्याला नाही म्हणा, तो पत्रा वरच्या फ्लोअरला आणि जवळच्या पाइपांना आच लागू नये म्हणून आहे. मोठं वॉशर लावून किंवा स्टीलच्या होज क्लिपने आवळून घेता येतो, खर्च काहीच नाही. प्लास्टिक अजिबात वापरू नका तिथे, केबल टाय वितळून जातो.

सीएनजी गाडीत बऱ्याचदा स्टेपनी उभी ठेवलेली असते, तशी असेल तर तिचा पट्टा आधी आवळा. टाकीच्या ब्रॅकेटमधून खडखड वाटली तर स्वतः पाना लावू नका, अधिकृत किटवाल्याकडेच जा. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करायची असतेच, त्या वेळी टाकी उतरवतात, परत बसवताना ब्रॅकेटखालचं रबर नवीन टाकायला सांगा.

हे मात्र घालू नका

वर्तमानपत्र, चिंध्या, थर्माकोल डॅशच्या आत कोंबायचं नाही. ओलावा धरतं, वायरिंगजवळ असलं की आगीला आमंत्रण, आणि पार्किंगमध्ये उंदीर असतील तर त्यांना तयार बिछाना. साधा स्पंज पत्र्याला लागून ठेवला की पाणी धरतो आणि खाली गंज. फेविक्विकने प्लास्टिक चिकटवलं की भोवती पांढरी झाक येते, ती जात नाही, आणि पुढच्या वेळी पॅनल उघडताना तुकडाच हातात येतो. दुहेरी चिकटणारी साधी टेप उन्हात वितळते आणि चिकट राड सगळीकडे.

गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः पॅनल उघडू नका, आधी सर्व्हिस सेंटरला न्या. जॉब कार्डवर नुसतं "आवाज येतो" लिहून येऊ नका. लिहायला लावा: पुढे डावीकडून टकटक, २० ते ३० च्या स्पीडला, स्पीड ब्रेकर तिरका घेतल्यावर, सकाळी जास्त. मोबाईलवरची रेकॉर्डिंग दाखवा, आणि टेक्निशियनला शेजारी बसवून तुम्ही स्वतः त्या खराब रस्त्यावर न्या, ॲडव्हायझरला नाही, जो हाताने काम करणार त्याला. परत घेतानाही आधी त्याच रस्त्यावर चक्कर मारा, मग सही करा.

आणि काही आवाजांच्या मागे लागू नका, ते असेच असतात. गाडी सुरू करून थोडी पुढे गेल्यावर एकदाच घर्र येतं ते बऱ्याच गाड्यांत एबीएस स्वतःला तपासत असतं. पेट्रोल गाडीत बॉनेटखाली हलकी टिकटिक येते तो बहुधा टाकीतली वाफ इंजिनकडे सोडणारा व्हॉल्व्ह. एसी बंद केल्यावर डॅशमधून सूंऽऽ येतं ते गॅसचं, टाकी अर्धी असताना ब्रेक मारल्यावर मागे डुबुक होतं ते पेट्रोल, आणि गाडी बंद करून घरी निघाल्यावर मागून टिक टिक ऐकू येतं ते सायलेन्सर गार होत असतं.